देवनागरी स्वरलिपीत कॉर्ड टाइप कशी करायची?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. भातखंडे पद्धतीची स्वरलिपी साध्या मजकुरात टाइप करायची आणि त्यातून छापील पान मिळवायचं, असा प्रोग्रॅम तुम्ही लिहिला आहे. एकेरी सुरावट त्यात नीट चालते. आता हार्मोनियम आणि की-बोर्ड वाजवणाऱ्यांना कॉर्ड हव्या आहेत. ‘सा+ग+प’ असं अधिकचिन्हाने जोडायचं, ‘सा मेजर’ असं नावाने लिहायचं, की दोन्ही चालू द्यायचं, यावर तुम्ही अडला आहात.

दोन्ही हवं, पण दोन वेगळ्या जागी. अधिकचिन्ह मात्र सोडून द्या. गेली अठरा वर्षं मी सुगम संगीताच्या कार्यक्रमांसाठी स्वरलेखन करतो आणि त्यासाठीची साधनंही लिहितो. त्यात जे हात पोळले, त्यातून आलेलं हे मत आहे.

आधी मुळाशी जाऊ. कॉर्ड या एका शब्दात आपण दोन गोष्टी कोंबतो. एक म्हणजे प्रत्यक्ष वाजणारे स्वर: सा, ग आणि प एकदम दाबा. दुसरी म्हणजे साथीदाराला दिलेली सूचना: इथे सी मेजर आहे, कशी वाजवायची ते तू बघ. पहिल्यात कुठला स्वर खाली, कुठला वर, हे पक्कं असतं. दुसऱ्यात ते मुद्दाम मोकळं सोडलेलं असतं. स्वरांवरून नाव प्रोग्रॅमनेच काढावं असा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला होता. एका कार्यक्रमाच्या तयारीत संयोजकाने सा ग प ध अशी कॉर्ड लिहिली होती, पट्टी पांढरी एक, म्हणजे सा हा सी. माझ्या प्रोग्रॅमने हिशेब करून वर छापलं ‘ए मायनर सेव्हन’. हिशेब चूक नव्हता, कारण ए मायनर सेव्हनमध्ये हेच चार स्वर येतात. पण संयोजकाच्या मनात होती ‘सी सिक्स’. बास गिटारवाला कागद वाचून ए वाजवत राहिला आणि गाण्याचा सम येतो तिथे जमीनच सरकल्यासारखं झालं. स्वर तेच, नावं दोन, आणि कुठलं बरोबर हे त्या स्वरांत लिहिलेलं नसतं. ते लिहिणाऱ्याच्या डोक्यात असतं.

म्हणून स्वर आणि नाव यांना फाइलमध्ये स्वतंत्र जागा द्या. एकावरून दुसरं सुचवा हवं तर, पण वापरणाऱ्याने हो म्हटल्याशिवाय छापू नका. जगभरच्या साधनांनीही हीच फारकत केली आहे. २००४ मध्ये आलेल्या म्युझिकएक्सएमएल या स्वरलिपीच्या फाइल-प्रकारात वाजणारे स्वर एका घटकात आणि कॉर्डचं नाव वेगळ्या घटकात असतं. एबीसी या साध्या मजकुरात सुरावट लिहायच्या पद्धतीत स्वर चौकोनी कंसात आणि नाव दुहेरी अवतरणचिन्हांत. लिलीपाँड या स्वरलिपी छापणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तर नावांसाठी वेगळा ‘मोड’च उघडावा लागतो, कारण त्यातली चिन्हं सुरावटीच्या चिन्हांशी भांडतात.

आता अधिकचिन्ह का नको ते सांगतो. तुमच्याकडे एका मात्रेतले स्वर न तोडता लिहितात, म्हणजे ‘साग’ हे अर्ध्या-अर्ध्या मात्रेचे दोन स्वर. मग ‘साग+पध’ म्हणजे काय? सा, मग ग-प एकत्र, मग ध? की ‘साग’ ही जोडी ‘पध’ या जोडीबरोबर? तुम्ही नियम कराल आणि तो पार्सरला, म्हणजे मजकूर वाचून उलगडणाऱ्या भागाला, कळेल. वाचणाऱ्याला मात्र दर वेळी थांबून विचार करावा लागेल. शिवाय कित्येक वह्यांमध्ये सम दाखवायला गुणिले चिन्हाऐवजी अधिकचिन्हच काढतात. एबीसीच्या अगदी जुन्या रूपात कॉर्ड दोन अधिकचिन्हांच्या मध्ये लिहायचे. पुढे ते मोडीत काढून चौकोनी कंस आणले. उघडणारी आणि मिटणारी खूण एकच असली की एखादी राहून गेल्यावर पुढचं सगळं पान उलटं होतं: कॉर्ड असेल तिथे सुटे स्वर, सुटे स्वर असतील तिथे कॉर्ड.

तेव्हा उघडणारी आणि मिटणारी खूण वेगळी हवी, म्हणजे कंसच. कुठला? गोल कंस आपल्याकडे आधीच कामावर आहे. भातखंडे पद्धतीत (प) म्हणजे ‘धपमप’ असा झटकन घेतलेला खटका. त्याला हात लावू नका, जुन्या बंदिशी टाइप करणारे लोक तुम्हाला माफ करणार नाहीत. कोनी कंस लिलीपाँड वापरतं, पण तुमचा प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये चालतो. तिथे कोनी कंसाला दुसरा अर्थ आहे, आणि मजकूर इकडून तिकडे चिकटवताना तो कधी गिळला जाईल सांगता येत नाही. उरतो चौकोनी कंस:

[सा ग प]

याचा व्याकरणातला अर्थ एकाच वाक्यात बसवा: जिथे एक स्वर येऊ शकतो तिथे कंसातली कॉर्ड येऊ शकते. बस. मात्रा, विभाग, आवर्तन यांना कॉर्ड वेगळी दिसताच कामा नये. ‘[सा ग प] – – –’ म्हणजे चार मात्रा धरलेली कॉर्ड, ‘[सा ग प]ध’ म्हणजे अर्धी मात्रा कॉर्ड, अर्धी मात्रा ध. कंसाच्या आतली मोकळी जागा फक्त स्वर वेगळे करते, ती मात्रा मोजत नाही. एवढा एकच अपवाद शिकवावा लागेल, आणि तो लोक दोन मिनिटांत उचलतात.

कंसाच्या आत काळ लिहू देऊ नका. आतल्या प्रत्येक स्वराला वेगळी लांबी देता येईल असं ठेवलंत की प्रश्न सुरू होतात: सा दोन मात्रा आणि ग एक, तर कॉर्ड संपली कधी आणि पुढचा स्वर कुठून धरायचा? एबीसीच्या नियमांत याला उत्तर आहे. कॉर्डची लांबी पहिल्या स्वराइतकी मानायची, आणि कंसाच्या आत व बाहेर दोन्हीकडे लांबी दिली असेल तर त्यांचा गुणाकार करायचा. नियम स्वच्छ आहे, पण तो पुस्तकात बघावा लागतो, वाचताना आपसूक कळत नाही. भातखंडे पद्धतीचं बळच हे की काळ चिन्हातून येत नाही, जागेतून येतो. ते बळ घालवू नका. खालचा सा धरून वर ग म प फिरवायचे असतील तर ती कॉर्ड नाहीच, ते दोन हातांचे दोन आवाज आहेत. त्यांना दोन ओळी द्या आणि ओळींच्या मात्रा जुळतात का ते प्रोग्रॅमने तपासावं.

सप्तकाचं काय करायचं, इथे मी सर्वात मोठी चूक केली होती. टाइप करायचे कष्ट वाचावेत म्हणून मी ‘जवळचा स्वर’ हा नियम आणला. आधीच्या स्वराला जो जवळ पडेल तो धरायचा, लांबचा हवा असेल तरच खूण करायची. लिलीपाँडमध्ये अशी सोय आहे आणि एकेरी सुरावटीला ती चांगलीही आहे. पण कॉर्डमध्ये आतला प्रत्येक स्वर आपल्या आधीच्या स्वरावर टेकलेला असतो. तालमीच्या आदल्या रात्री मी एका कॉर्डमधला मधला स्वर खोडला. वरचा स्वर एक सप्तक खाली आला. ही चूक त्या कॉर्डपुरती राहिली म्हणून लक्षात आली नाही. दुसऱ्या ठिकाणी कॉर्डमधला पहिलाच स्वर बदलला, तेव्हा मात्र तिथून पुढचं सगळं पान एक सप्तक वर गेलं. सकाळी की-बोर्डवादकाने कागद पाहिला आणि काही न बोलता स्वतःच्या पेनाने सगळं दुरुस्त केलं. तेव्हापासून माझ्या पद्धतीत प्रत्येक स्वर स्वतःचं सप्तक स्वतः सांगतो. एक स्वर खोडला तर एकच स्वर बदलला पाहिजे, ही कसोटी कुठल्याही लेखनपद्धतीला लावा.

खुणा कुठल्या घ्याव्यात? स्वल्पविराम नको, आलापाच्या लेखनात लोक तो थांबण्यासाठी घालतात. मी असं ठेवतो: मंद्रासाठी (खालच्या सप्तकासाठी) स्वराच्या आधी टिंब, कोमलसाठी स्वरानंतर खालची रेघ, तीव्र मध्यमासाठी ^, आणि तारसप्तकासाठी शेवटी '. म्हणजे मंद्र कोमल निषाद ‘.नि_’ आणि तार षड्ज ‘सा'’. क्रम पक्का ठेवा. छापताना अर्थातच भातखंड्यांची खरी चिन्हं उमटवा: कोमलाखाली आडवी रेघ, तीव्र मावर उभी रेघ, टिंबं वर-खाली.

पण लोक एवढंच टाइप करतील असं समजू नका, आणि इथेच देवनागरीचा खरा पेच आहे. तो जरा सावकाश बघू.

तार षड्जासाठी बहुतेक जण अनुस्वार वापरतात: सां, रें, गं. दिसायला ते थेट वरच्या टिंबासारखं दिसतं, त्यामुळे ते स्वीकारलंच पाहिजे. मंद्रासाठी लोक नुक्ता, म्हणजे अक्षराखालचं टिंब, देतात. युनिकोडमध्ये नुक्ता असलेल्या न ला स्वतःचा एक संकेतांक (संगणकासाठी अक्षराचा क्रमांक) आहे, नुक्ता असलेल्या ग लाही आहे. पण नेहमीचं सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगळी रूपं एकसारखी करणं, केलं की न आणि नुक्ता जोडले जाऊन एक होतात, आणि ग मात्र फुटून दोन होतो. एकाच कंसातले दोन मंद्र स्वर तुमच्या प्रोग्रॅमकडे दोन वेगळ्या रूपांत पोचतात. म्हणून वाचताना सगळं विघटित रूपात आणा, म्हणजे दोन्हींचं अक्षर वेगळं आणि नुक्ता वेगळा.

त्यानेही एक गोष्ट सुटत नाही. ‘नि’ म्हणजे न आणि वेलांटी. कुणी न, नुक्ता, वेलांटी असं टाइप करतो, कुणी न, वेलांटी, नुक्ता असं. पडद्यावर दोन्ही बहुतेक सारखं दिसतं, पण युनिकोडच्या नियमांनी ते एक होत नाही, कारण वेलांटीच्या पुढे-मागे खुणा हलवल्या जात नाहीत. हे तुम्हाला हाताने जुळवावं लागेल. कोमल-तीव्रासाठी काही जण वेदपाठातली अनुदात्त आणि उदात्त ही चिन्हं वापरतात, ग॒ किंवा म॑ अशी. तीही घ्या. बरेच जुने मजकूर तसेच आहेत.

विभागाची उभी रेघ आणि मराठी कळफलकावरचा दंड हे दोन वेगळे संकेतांक आहेत, लोकांना ते कळत नाही आणि कळायची गरजही नाही. दोन्ही चालू द्या. तेच लांबीच्या रेघेचं. साधी रेघ, फोनने आपणहून लांब केलेली रेघ आणि अवग्रह (ऽ), तिन्हींचा अर्थ एक. फोन सरळ अवतरणचिन्ह वळवून टाकतो आणि दोनदा स्पेस दाबली तर पूर्णविराम टाकतो. हा शेवटचा प्रकार घातक आहे, कारण तुमच्याकडे टिंब म्हणजे मंद्र. म्हणून नियम करा: टिंबाला लागून स्वर आला तरच तो मंद्र, टिंबानंतर मोकळी जागा आली तर ती चूक समजून विचारा.

‘स’ आणि ‘सा’, ‘री’ आणि ‘रे’, ‘म’ आणि ‘मा’, ‘नी’ आणि ‘नि’ हे सगळं स्वीकारा. फक्त फाइलमध्ये वापरणाऱ्याने लिहिलेलं तसंच ठेवा. त्याचा मजकूर स्वतःच्या आवडीने बदलून परत दाखवणारं साधन लोकांना परकं वाटतं.

आता कॉर्डची नावं. इंग्रजी लिपीत मेजर आणि मायनर यांतला फरक मोठ्या आणि लहान एम-ने दाखवतात. देवनागरीत मोठं-लहान अक्षर नाही. म्हणून ‘म७’ असं लिहिलंत तर ते मेजर सेव्हन की मायनर सेव्हन हे कुणीच सांगू शकत नाही, आणि म तर स्वरही आहे. ‘मा’ केलंत तर तोही काही जणांचा मध्यम. ‘सस४’ म्हणजे सस्पेंडेड फोर, पण ‘स’ लिहिणाऱ्यांसाठी ते दोन षड्ज. म्हणून नावं स्वरांच्या ओळीत उघडी सोडू नका, दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवा किंवा वरच्या वेगळ्या ओळीत घ्या. तिथे ‘मेज’, ‘मायन’, ‘डिम’ (डिमिनिश्ड), ‘ऑग’ (ऑगमेंटेड), ‘सस’ अशी पुरेशी लांब रूपं ठेवा. एक अक्षर वाचवण्यासाठी संदिग्धता विकत घेऊ नका. नुसता ७ आला तर कोमल निषादाचा, म्हणजे सा ग प आणि कोमल नि. शुद्ध निषादाचा हवा असेल तर ‘मेज७’. हे सगळे वादक असंच वाचतात, इथे नवीन काही शोधायला जाऊ नका. तिरपी रेघ आली की तिच्यापुढचा स्वर खालचा, बासचा.

नावाचं मूळ सरगमात लिहायचं की सी-डी-ई मध्ये? तुमच्या स्वरलिपीत सा फिरता आहे. गायिका आज काळी एकला गायली आणि उद्या पांढरी दोनला, तरी [सा ग प] तसंच राहतं. हे सरगमाचं मोठं वरदान आहे, ते सोडू नका. फाइलमध्ये नावाचं मूळ सा, म, प असंच साठवा आणि वर पट्टी लिहा. ‘"सा:मेज" "ध:मायन७" "प:७"’ असं. छापताना वादकाने मागितलं तर प्रोग्रॅमने पट्टीप्रमाणे सी, डी, ई मध्ये उतरवून द्यावं. इथे एक काळजी घ्या. काळी दोन म्हटली की हार्मोनियमवाले डी शार्प म्हणतात, आणि साधा हिशेब करणारा प्रोग्रॅम ‘डी शार्प, जी शार्प, ए शार्प’ छापून मोकळा होतो. डी शार्प मेजरमध्ये नऊ शार्प मोजावे लागतात, त्याच सुरावरच्या ई फ्लॅटमध्ये तीन फ्लॅट. की-बोर्ड आणि व्हायोलिनवाल्यांना ‘ई फ्लॅट, ए फ्लॅट, बी फ्लॅट’ असंच हवं. बारा पट्ट्यांसाठी बारा ओळींचा तक्ता हाताने लिहून ठेवा, सूत्राच्या मागे लागू नका.

साथीत एकच कॉर्ड आठ-आठ वेळा वाजते. ती दर वेळी टाइप करायला लावलीत तर लोक तुमचं साधन वापरणं सोडतील. लिलीपाँडमध्ये त्यासाठी एका अक्षराची सोय आहे. मी = वापरतो: ‘–’ म्हणजे धरून ठेवा, ‘=’ म्हणजे तीच पुन्हा वाजवा. दोन्हींची बोटाला लगेच सवय होते. = ने आधीच्या कॉर्डचे फक्त स्वर उचलावेत, तिच्यावरचा जोर किंवा बोटांचे आकडे उचलू नयेत. मध्ये एखादा सुटा स्वर येऊन गेला तरी शेवटची कॉर्डच धरावी. दादऱ्यातली दोन आवर्तनं अशी दिसतील:

"सा:मेज" [सा ग प] = = | "म:मेज" [सा म ध] = =
"प:मेज" [.नि रे प] = = | "सा:मेज" [सा ग प] – –

दुसरी आणि तिसरी कॉर्ड बघा. नाव म मेजर आहे, पण हात सा वरून उठलेला नाही. नाव प मेजर आहे, पण खाली मंद्र नि आहे. की-बोर्डवादक असाच वाजवतो, हात जागेवर ठेवून बोटं सरकवतो. बास गिटारवाला मात्र वरचं नाव वाचून म आणि प वाजवेल. दोघांना एकाच कागदावरून आपापलं मिळालं. नाव आणि स्वर वेगळे ठेवा असं मी सुरुवातीला म्हणालो ते यासाठी. कंसातला क्रमही लिहिला तसाच राहू द्या, प्रोग्रॅमने तो उंचीप्रमाणे परत लावू नये. छापताना रचना करायची ती करा.

प्रोग्रॅमच्या आत कॉर्ड साठवताना तिला एक डबा समजा आणि स्वर त्यात ठेवा. म्युझिकएक्सएमएलमध्ये पहिला स्वर साधा असतो आणि पुढच्या स्वरांवर ‘हा आधीच्याबरोबरचा’ अशी खूण असते. फाइल बाहेर पाठवताना तसं जरूर लिहा, पण आत तसं ठेवू नका. पहिला स्वर खोडला की खूण असलेला दुसरा स्वर त्याच्या आधीच्या कॉर्डला जाऊन चिकटतो.

कंस मिटायचा राहिला तर तो पुढच्या विभागाच्या रेघेपाशी संपला असं धरा, म्हणजे चूक एका विभागात अडकेल. आणि ती मराठीत सांगा: ‘तिसऱ्या आवर्तनात चौथ्या मात्रेवर कंस उघडला, मिटलेला नाही.’ ओळ आणि रकाना यांचे आकडे वादकाला काही सांगत नाहीत, आवर्तन आणि मात्रा सांगतात.

फाइलच्या पहिल्या ओळीत लेखनपद्धतीची आवृत्ती लिहायला आजपासूनच सुरुवात करा. लिलीपाँडने २००३ मधल्या २.० आवृत्तीत एकेरी आणि दुहेरी कोनी कंसांच्या अर्थांची अदलाबदल केली. एवढा मोठा बदल पेलला, कारण फाइलमध्ये आवृत्ती लिहिलेली असे आणि जुन्या फाइली नव्या रूपात आणणारं साधन त्यांनी सोबत दिलं होतं. तुम्हालाही कधीतरी काहीतरी बदलावंच लागेल.

गिटारवाल्यांना गाण्याच्या शब्दांवर नावं हवी असतात. त्यासाठी रूढ असलेल्या कॉर्डप्रो पद्धतीत नाव चौकोनी कंसात घालून शब्दाच्या आत ठेवतात. म्हणजे तिथे चौकोनी कंस नावाचा, तुमच्याकडे स्वरांचा. गोंधळ टाळायला शब्दांची ओळ आणि स्वरांची ओळ सुरुवातीच्या खुणेने वेगळी करा, ‘श:’ आणि ‘स्व:’ अशी, आणि कॉर्डप्रोचे कंस फक्त ‘श:’ ओळीतच वाचा.

हे सगळं पक्कं करण्याआधी एक करा. वीस कॉर्ड असलेलं एखादं गाणं कागदावर हाताने लिहून पाच-सहा वादकांना द्या आणि नियम न सांगता, फक्त वरचा दादऱ्याचा नमुना दाखवून, फोनवर टाइप करायला सांगा. मध्ये बोलू नका. त्यांनी टाइप केलेलं न सुधारता, त्यातल्या विचित्र रेघा आणि टिंबांसकट साठवून ठेवा. तुमच्या पार्सरच्या पहिल्या चाचण्या त्या मजकुरावर लिहा.